फलजाकाठची शमीम

शमीमला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती एका दांडग्या माणसाला दंडाला धरून आमच्या आरोग्य केंद्राच्या पायऱ्या चढवत होती. त्या माणसाचा पायघोळ पांढरा दिशदाशा छातीपर्यंत लाल झाला होता, एक कान रक्ताने भरून गेला होता आणि तो अखंड शिव्याशाप देत होता. हे शाप तिलाच चालले आहेत हे माझ्या लक्षात यायला थोडा वेळ लागला, कारण ती त्याला सख्ख्या बहिणीच्या मायेने सांभाळून आणत होती. बाकावर त्याला बसवलं, कमरेवर हात ठेवून समोर उभी राहिली आणि दात आवळून म्हणाली, "बस, मेल्या. मुडदा बशिवला तुझा. गप बस."

ओमानच्या डोंगरातलं खेडं ते. रुस्ताक शहर सोडून रस्ता आत वळतो, मग दोन्हीकडे उघडे तपकिरी डोंगर, मध्ये दगडगोट्यांनी भरलेली कोरडी वादी, म्हणजे नदीचं पात्र, आणि तिच्या काठाने खजुराची हिरवी पट्टी. मी तिथे नर्स होते. नवरा आणि मुलं मस्कतला, वादी अदाई नावाच्या भागातल्या फ्लॅटमध्ये. मी गुरुवारी संध्याकाळी घरी जायची आणि शनिवारी परत यायची. मधले दिवस मराठी बोलायचं ते फोनवर. त्या गावात समोरासमोर मराठी शिवी ऐकू येईल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

"तुम्ही मराठी?" मी विचारलं.

तिने डोळे बारीक करून मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "तू पण? कुठली गो?"

"कराडची."

"मी म्हसळ्याची. मग डॉक्टरला सांग बाय, टाके आरामात घाल म्हणावं. सुई जरा फिरू दे आत."

आमच्या सुदानी डॉक्टरांनी नेहमीसारखं विचारलं, काय झालं?

"पडलो," तो माणूस म्हणाला.

"मी मारलं," शमीम अरबीत म्हणाली. "फावड्याने."

"फलजात पडलो. दगड लागला."

"दगड नाही. फावडं. हे इथे, पुढच्या अंगाने."

"पडलो म्हणतोय ना मी!" तो ओरडला आणि कानातून पुन्हा रक्त आलं.

डॉक्टर एकदा त्याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत राहिले आणि शेवटी त्यांनी काय लिहिलं कोण जाणे. तो माणूस तिचा थोरला दीर, खलफान. आणि घडलं ते असं: फलज म्हणजे डोंगरातलं पाणी गावात आणणारा पाट, प्रत्येक घराची पाण्याची पाळी ठरलेली असते. खलफानने शमीमच्या बागेची पाळी असताना दगड आणि चिंध्या कोंबून पाणी आपल्याकडे वळवलं. तिचा नवरा सलीम विचारायला गेला. सलीम एका पायाने अधू. खलफानने त्याला छातीवर हात मारून पाटात ढकललं आणि तो उठायला लागला तसं पुन्हा ढकललं. शमीम लसूणघास कापत होती. तिने विळा खाली ठेवला. हे तिने मला मुद्दाम सांगितलं. "विळा ठेवला मी बाय. फावडं उचललं. विळा असता तर मेलाच असता."

गावात तिला नावाने फारसं कुणी हाक मारत नसे. मोठ्या मुलावरून 'उम्म सईद' म्हणत, आणि पाठीमागे 'हिंदिया', म्हणजे हिंदुस्थानी बाई. पंचवीसएक वर्षं तिथे काढूनही ती हिंदियाच राहिली होती. उंचीने बेताची, खांद्यांत रुंद, रंग उन्हाने काळवंडलेला. अंगावर ओमानी बायकांसारखा रंगीत झगा आणि खाली सुरवार, पण डोक्यावरचा कपडा कामाच्या वेळी कोळणीसारखा मागे घट्ट बांधलेला. हात मात्र विलक्षण मोठे. खजुराच्या काट्यांनी ओरखडलेले, नखं तुटलेली. बोलताना ती ते कधी मांडीवर स्वस्थ ठेवत नसे. बोलणं कमी पडलं की हात पुढे येत, आणि तिचं बोलणं फार लवकर कमी पडायचं.

त्या दिवसानंतर ती मला भेटायला यायला लागली. कधी लिंबं, कधी अळूची पानं. फलजाच्या कडेला, ओलावा असतो तिथे तिने अळू लावलं होतं. गावातल्या लोकांना ते विषारी वाटायचं आणि त्यांनी ते दोनदा उपटून टाकलं. दोन्ही वेळा तिने उपटणाऱ्याच्या घरी जाऊन दारावर लाथा घातल्या होत्या. मग कुणी हात लावला नाही. तिच्या घरी मी जायची ती दुपारच्या जेवणाला. मोठ्या थाळीत भात, वर कुवारी नावाच्या माशाचं तांबडं कालवण, आणि माझ्यासाठी म्हणून मुद्दाम तांदळाची भाकरी. सलीम आमच्यापासून अंतर राखून बसायचा, काठी शेजारी ठेवून, आणि आम्ही मराठीत बोलायला लागलो की समाधानाने माना डोलवायचा. त्याला एक शब्द कळत नसे.

"सलीम, तुला कळतं का आम्ही काय बोलतो?" मी एकदा विचारलं.

"नाही," तो म्हणाला. "पण ती ओरडत नाहीये एवढं कळतं. अल्‌हम्दुलिल्ला."

हा सलीम तरुणपणी पायावर उपचार करायला मुंबईला गेला होता. शमीमचे मामा इस्पितळातल्या परदेशी पेशंटांना घरचं जेवण पोचवायचे. डबा कधीकधी ही घेऊन जायची. वडील नव्हते, धाकट्या बहिणी होत्या. मामांनी जुळवलं. माणूस लंगडा आहे पण सरळ आहे, बाग आहे, पाणी आहे, असं सांगितलं. सगळं खरंच होतं. फक्त घरात आणखी कोण आहे ते सांगायचं राहिलं.

"मना वाटलेलं दुबईसारखं असेल," ती म्हणायची. "गाडीतून उतरले तर समोर बोकड आणि सासू. बोकड बरा होता."

सासूला आपल्या मुलाने बाहेरची बायको आणली हे मरेपर्यंत पचलं नाही. शमीमला अरबीचा एक शब्द येत नव्हता. पाणी आण म्हटलं की ती पीठ आणायची, आणि चुकलं की सासू हाताला लागेल ते फेकून मारायची. एकदा कहव्याची किटली फेकली, विस्तवावरून उतरवलेली. त्या भाजल्याची खूण शमीमच्या मानेवरून खांद्यापर्यंत गेली होती. खलफान तेव्हा त्याच घरात राहायचा. तो फेकून मारायचा नाही, लाथ घालायचा. जाता येता, गुरांना घालावी तशी. सलीम मध्ये पडला की त्यालाही. शमीमला पहिल्यांदा दिवस गेले तेव्हा अशीच एक लाथ पोटात बसली आणि ते मूल राहिलं नाही. हे तिने मला अगदी सपाट आवाजात सांगितलं.

"मग?" मी विचारलं.

"मग काय. भाषा येत नव्हती गो. शिवी द्यावी तर कळणार कुणाला? रडावं तर हसायचे. एक दिवस सासूने काठी उगारली ती मी धरली. काढून घेतली आणि तिच्या पायाशी जमिनीवर आपटली, आपटली, तुकडे होईपर्यंत आपटली. तिला नाय मारलं. पण म्हातारी अशी बघायला लागली ना माझ्याकडे... तेव्हा कळलं, ही भाषा यांना येते."

मुलं झाली, तेव्हा सासूने एक नियम घातला. बाळाशी हिंदुस्थानी बोलीत बोलायचं नाही. अंगाईसुद्धा नाही. बाळाजवळ मराठी शब्द ऐकला की म्हातारी येऊन शमीमच्या तोंडावर मारायची, बाळ मांडीवर असताना. म्हणून तिच्या चारही लेकरांना मराठी आली नाही. पुढे शमीमची अरबी झकास झाली, बाजारात भाव पाडण्याइतकी, शेजारणींशी भांडण्याइतकी. पण फार राग आला किंवा फार भीती वाटली की तोंडातून मराठीच यायची, आणि ती समोरच्या कुणाला कळायची नाही. मग हात.

हे हात मी कामात पाहिले आहेत. एका हिवाळ्यात मोकाट कुत्र्यांचं टोळकं डोंगरातून उतरून शेळ्यांवर पडलं. सकाळची वेळ, मी केंद्रात जायला निघाले होते. तिच्या वाड्यातून शेळ्यांचा कालवा ऐकू आला म्हणून धावले. दोन करडं फाटून पडली होती. तिसऱ्याला धरलेल्या कुत्र्याच्या जबड्यात शमीमने स्वतःचा डावा हात घातला होता आणि उजव्या हातातल्या दगडाने ती त्याच्या डोक्यावर मारत होती. कुत्रं मेल्यावरही मारत होती. सलीम लांबून "खलास, शमीम, खलास" म्हणत होता. मी तिला मागून मिठी मारली तेव्हा ती कुणाला तरी मराठीत म्हणत होती, "पोरं खातोस? माझी पोरं खातोस?" करडू जगलं. तिला रेबीजची सगळी इंजेक्शनं मीच दिली. सुई बघून तिने तोंड फिरवलं आणि माझा हात इतका घट्ट धरला की बोटं बधिर झाली.

आणि हेच हात मी तिच्या मुलीवर पडतानाही पाहिले. मरियम, एकुलती मुलगी, सगळ्यांत धाकटी; थोरले तिघे नोकरीसाठी बाहेरगावी. बापासारखी शांत, लांब वेणीची. एकदा मी जेवायला गेले असताना मरियमकडून वाड्याचं फाटक उघडं राहिलं आणि शेळ्या शेजारच्या घासात शिरल्या. शमीमने भाताची रिकामी थाळी उचलून तिच्या पाठीत घातली. ॲल्युमिनियमच्या थाळीला खोलगट पोचा आला. मरियम थाळी उचलून मोरीवर गेली. मी म्हटलं, "आपा, एवढं कशाला?"

"कुत्री आली असती म्हणजे?" ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "मऊ हाय ती. मऊ माणसाला जग खातं. बघ तिच्या बापाला."

मरियमचं लग्न किनाऱ्याकडच्या गावातल्या हमदशी झालं. गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात कामाला होता. मी लग्नाला गेले होते. हसरा, हळू आवाजात बोलणारा मुलगा, म्हाताऱ्यांच्या पुढ्यात स्वतः वाकून हलवा वाढत होता. शमीमला फार आवडला. "आवाज बघ किती खाली," ती मला म्हणाली. "या घरात असा आवाज कुणाचा नव्हता."

वर्षाच्या आत मरियम माहेरी आली असताना एकटीच आमच्या केंद्रात आली. श्वास घेताना दुखतंय म्हणाली. मी तिला पडद्याआड नेलं, झगा वर केला आणि पाहिलं. बरगडीवर जांभळं, त्याखाली पिवळं, त्याखाली आणखी जुनं. थर होते.

"पडले," ती म्हणाली.

डॉक्टरांनी तिला नीट विचारलं, पुन्हा विचारलं, पोलिसांना कळवता येतं हेही सांगितलं. ती मान खाली घालून तेच म्हणत राहिली. बरगडीला चीर गेली होती, म्हणून डॉक्टरांनी तिच्या संमतीने घरी फोन लावला. शमीम अनवाणी आली. मुलीची पाठ पाहिली. पडले म्हणते, हे मी सांगितलं तेव्हा ती हसली, आणि ते हसू मला अजून आवडत नाही.

"माझ्या घरात सगळे पडतातच," ती म्हणाली.

पण मरियम ऐकेना. हमद स्वतः घ्यायला आला, सासूसासऱ्यांच्या हाताची चुंबनं घेतली, आणि ती गेली. मग फोन उचलेनाशी झाली. एका सकाळी शमीमने पिकअप काढला. सलीम शेजारी बसला; त्याला उतर म्हणाली, तो उतरला नाही. पुढचं मला सलीमनेच सांगितलं, इस्पितळाच्या व्हरांड्यात, काठीच्या मुठीवर हनुवटी टेकवून.

हमदने दार उघडलं. आत मरियमच्या तोंडाला फडकं बांधलेलं दिसलं, ओठ फुटला म्हणून. शमीम आत शिरायला लागली तसं हमदने त्याच हळू आवाजात सांगितलं, "आई, हा आमच्या घरातला मामला आहे." आणि दार लोटलं. लोखंडी दार. शमीमचा उजवा हात चौकटीवर होता. दार लागलं नाही म्हणून त्याने पुन्हा लोटलं, पाय लावून. सलीम म्हणाला, तिने हात काढला नाही. काढला असता तर दार बंद झालं असतं. खांदा घालून तिने दार उघडलं, आत गेली आणि डाव्या हाताने चुलीवरची किटली उचलून हमदच्या तोंडावर मारली. तो पडल्यावर त्याच्या छातीवर गुडघा टेकवून मारत राहिली. मरियम किंचाळत होती, "यम्मा, मरेल तो! मरेल!" शेजारच्या दोन बायकांनी आणि सलीमने मिळून तिला ओढून काढलं. मग तिने मुलीच्या दंडाला धरलं आणि बाहेर आणलं. पिकअप चालवायला लागली तेव्हा तिला कळलं की उजवा हात स्टिअरिंगवर मिटत नाहीये.

दोन बोटं काढावी लागली, करंगळी आणि तिच्या शेजारचं. हमदचं नाक मोडलं होतं. पोलीस ठाण्यातल्या बाईने मरियमला वेगळ्या खोलीत बसवून शांतपणे विचारलं. मरियम म्हणाली, नवऱ्याने काही केलं नाही, मी पडले. मग तक्रार राहिली ती शमीमवर. दोन्ही गावच्या वडीलधाऱ्यांनी बसून मिटवली; ठरलं की मुलगी काही दिवस माहेरी राहील.

मी रोज तिच्या घरी जाऊन ड्रेसिंग बदलायची. हात गुंडाळलेला, डोळे सुजलेले, आणि तरी दुसऱ्या हाताने लसूणघास ओढत असायची. मरियम कोपऱ्यात फोन घेऊन बसलेली. हमदचे मेसेज येत. आणि एक गोष्ट केंद्रातल्या तपासणीत मला कळली होती, शमीमला कळली नव्हती. मरियमला दिवस गेले होते.

त्या दुपारी मी बँडेज सोडलं होतं आणि जखम पुसत होते. मरियम समोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "यम्मा, मी जाणार. हमद उद्या येतोय. बाळाला बाप हवा."

शमीमने आधी काही ऐकलंच नाही असं वाटलं. मग तिच्या लक्षात आलं, बाळ. ती उठली. माझ्या हातातून तिचा उघडा हात निसटला. त्याच हाताने, टाके घातलेल्या, तिने मरियमच्या तोंडावर मारलं. टाके उसवले, रक्त मरियमच्या गालावर आलं. ती मारत सुटली. केस धरले, खाली पाडलं, पाठीत, डोक्यात, आणि सगळा वेळ मराठीत ओरडत होती. मी मध्ये गेले तर कोपर माझ्या तोंडावर बसलं आणि मी भिंतीवर आदळले. मरियम पोटावर हात घेऊन गोळा झाली होती, आईपासून पोट वाचवत.

सलीम कसा पोचला मला कळलं नाही. काठी टाकून, जमिनीवरून सरकत, तो मरियमवर आडवा झाला. शमीमचा पुढचा हात त्याच्या कानशिलात बसला. त्याचा पगडीसारखा बांधलेला मुसर सुटून घरंगळत गेला. तिने सलीमवर आजवर कधी हात उगारला नव्हता. तो टकलावर रक्ताचा डाग घेऊन तसाच पडून राहिला, तिच्याकडे बघत.

ती थांबली. मागे मागे जात पाण्याच्या माठाला टेकली आणि खाली बसली.

मग मरियमने बापाच्या अंगाखालून डोकं वर काढलं आणि मला विचारलं, "सिस्टर, ती काय म्हणत होती?"

"काय?"

"मारताना ती नेहमी हेच म्हणते. लहानपणापासून. 'मरशील गो.' म्हणजे काय? शिवी आहे?"

मी शमीमकडे पाहिलं. तिने मान वळवली नाही. माझी अरबी इस्पितळातली. कुठे दुखतं, किती दिवस, गोळी कधी घ्यायची. त्यातले शब्द गोळा करून मी सांगितलं, "ती म्हणते, तू मरशील. ती म्हणते, मला ते बघायला लावू नको."

मरियम आईकडे बघत राहिली. "हे मला अरबीत का नाही सांगितलं?" तिने विचारलं. ओरडून नाही. "इतकी वर्षं, यम्मा, मला वाटायचं तू मला शिव्या देतेस."

तेव्हा शमीमने सांगितलं. माठाला टेकून, हातातलं रक्त झग्यावर गळत असताना, तिच्या त्या बाजारातल्या अरबीत. पहिलं मूल कसं गेलं ते. लाथ कुणाची होती ते. सलीमने डोळे मिटून घेतले होते. मरियमला यातलं काही माहीत नव्हतं. खलफान तिचा लाडका काका, तिला ईदला खाऊ देणारा. शमीम म्हणाली, "तेव्हा मी पण म्हटलं होतं, पडले. इस्पितळात हेच म्हटलं मी." मग तिने तो तुटका हात माझ्यापुढे केला आणि मराठीत म्हणाली, "बांध गो बाय. लय दुखतंय."

दुसऱ्या दिवशी दुपारी हमद आला. बरोबर त्याचे वडील आणि दोन वडीलधारे. बैठकीच्या खोलीत कहवा झाला. सलीमने घरचा वडील म्हणून खलफानला बोलावलं होतं, तसा रिवाज. मी आत बायकांत होते, मरियमच्या पोटात दुखायला लागलं तर जवळ असावं म्हणून. हमदच्या नाकावर अजून पट्टी होती आणि आवाज तसाच खाली. तो म्हणत होता, झालं ते झालं, बायकोला घेऊन जायला आलोय.

मरियम उठली. शमीमने तिला धरलं नाही, ढकललंही नाही. दोन्ही हात बगलेत दाबून बसून राहिली. मरियम बैठकीच्या उंबऱ्यावर जाऊन उभी राहिली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "मी येणार नाही. मी पडले नव्हते."

हमद एका झेपेत तिच्यापर्यंत आला. वेणी त्याच्या हाताला गुंडाळलेली मी पाहिली, तिचं डोकं चौकटीवर आपटलेलं ऐकलं. शमीम माझ्या शेजारून उठेपर्यंत खलफान पोचला होता. त्या दांडग्या म्हाताऱ्याने हमदला गळ्याला धरून उचललं आणि कहव्याच्या तबकावर आपटलं. पेले फुटले. त्याने हमदच्या तोंडात अशी एक बुक्की मारली की काचांमध्ये दात पडलेला आम्ही नंतर वेचला. "माझ्या भावाच्या दारात?" तो ओरडत होता. "माझ्या डोळ्यांदेखत?"

हमदच्या वडिलांनी मुलाला उचललं आणि मान खाली घालून निघून गेले. खलफान धापा टाकत खाली बसला. शमीम उंबऱ्यावर उभी होती. ती त्याच्याकडे बघत होती आणि तिच्या चेहऱ्यावर उपकाराचं काही नव्हतं.

"आज डोळे उघडले तुझे," ती म्हणाली.

खलफानने वर पाहिलं. मग उठून, चपला घालायचं विसरून, तसाच गेला. आणि त्याच आठवड्यात फलजाच्या पाळीवरून दोघांचं पुन्हा जुंपलंच. मी केंद्रातून त्यांचा आरडाओरडा ऐकला.

मरियमने या वेळी पोलीस ठाण्यातल्या बाईला सगळं सांगितलं, क्रमाने, आणि खाली सही केली. कोर्टाला वेळ लागला. डोक्याला टाके पडले होते पण बाळ टिकलं. घटस्फोट झाला. ती आता गावच्या शाळेच्या बसमध्ये लहान मुलांना सांभाळायचं काम करते, असं सलीमकडून फोनवर कळतं.

माझी बदली मस्कतकडे झाली. निघायच्या सकाळी मी निरोप घ्यायला गेले. अंगणात कुणी नव्हतं. मग शेवग्याच्या झाडाखाली शमीम दिसली, उभी, पाठमोरी. मरियमला मुलगी होऊन थोडेच दिवस झाले होते. मी हाक मारली तर तिने वळून पाहिलं आणि डोळ्यांनीच मला गप्प केलं. तिच्या हातांत बाळ होतं. तीन बोटांच्या पंजात इवलंसं डोकं, दुसऱ्या पंजात बाकीचं सगळं. कोपरं अंगाशी घट्ट धरून ती श्वाससुद्धा जपून घेत होती.

आतून मरियम अरबीत ओरडली, "यम्मा, डोकं धर! हळू!"

"धरलंय," शमीम म्हणाली. "हळूच धरलंय."

बाळाने तोंड वेडंवाकडं केलं आणि हुंदका दिला. शमीम घाबरून माझ्याकडे बघायला लागली, जणू आता काय करायचं ते मला विचारत होती. मग तिने चेहरा खाली नेला आणि अगदी बारीक आवाजात, दाराकडे एकदा चोरून बघत, बाळाशी मराठीत काहीतरी बोलायला लागली. मला फाटकाजवळून ते ऐकू येत नव्हतं. गाडीवाला हॉर्न वाजवत होता. मी हात हलवला, पण तिचे दोन्ही हात अडकलेले होते, आणि तिने वर पाहिलं नाही.